आधी फेरफार, मग सातबारा

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, अर्जांचे नमुने नव्याने छापले गेले. रस्त्यावरच्या गाड्यांवरचा एमएच-25 मात्र जागचा हलला नाही. (उस्मानाबादी शेळीही उस्मानाबादीच राहिली, तिला कोणी विचारले नाही.) गाडीची ओळख जिल्ह्याच्या नावावर बांधलेली नव्हती, क्रमांकावर होती, म्हणून नामांतराची झळ तिला लागली नाही. डेटाबेस बांधायला शिकणाऱ्याला हे अगदी सुरुवातीला सांगतात: जे बदलू शकते त्यावर ओळख बांधू नका.

या जिल्ह्याला बदलांची सवयच आहे. 1982 साली लातूर जिल्हा त्यातून वेगळा निघाला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने उमरगा आणि शेजारच्या औसा तालुक्यातली गावे जमीनदोस्त केली. त्यांतली अनेक मूळ जागा सोडून नव्या गावठाणावर उभी राहिली. 1999 साली लोहारा आणि वाशी हे तालुके आले. गाव तेच, तालुका दुसरा. नाव तेच, जागा दुसरी. शिवाय मराठवाड्यात पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत हे एसटीत चुकीच्या गावी उतरलेल्याला विचारावे. नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत एक संकेतांक छापलेला असतो, तो याच कारणाने.

डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीम म्हणजे काय हे सांगताना पाठ्यपुस्तके विद्यार्थी-विषय-गुण नाहीतर दुकान-माल-बिल ही उदाहरणे घेतात. धाराशिवच्या माणसाला इतके लांब जायचे कारण नाही. तलाठ्याच्या दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या एक डेटाबेस होता. तो कागदावर होता, त्यात ओळख होती, नाती होती, बदलांची नोंदवही होती, आणि कोणी काय बदलावे याचे नियम होते. हा डेटाबेस संगणकात गेला तेव्हा ज्या अडचणी उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ माझ्या मते एकच आहे. कागदाने जे नाइलाजाने केले होते तेही आपण जसेच्या तसे तक्त्यांत उतरवले. उलट कागदाने जे शहाणपणाने केले होते, ते संगणकशास्त्राला स्वतंत्रपणे पुन्हा शोधावे लागले.

आधी हे दप्तर पाहू. महाराष्ट्रात गावाचा महसुली हिशेब एकवीस गाव नमुन्यांत ठेवतात. नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख: हा गट कोणाच्या नावे, क्षेत्र किती, आकार किती, भोगवटादार वर्ग 1 की वर्ग 2, इतर हक्कांत कोणाचा बोजा. नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून सातबारा. नमुना 8अ हा खातेदाराच्या अंगाने लिहिलेला: या खात्यावर गावात कोणकोणते गट आणि एकूण क्षेत्र किती. नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही: खरेदी, वारस, वाटणी, बोजा, जे काही बदलेल ते क्रमांकाने इथे लिहायचे. नमुना 1 आकारबंदाचा, म्हणजे मोजणीतून ठरलेल्या क्षेत्राचा. या सगळ्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिचा आधार आहे.

मराठवाड्याच्या वह्या याच्याही मागे वेगळ्या वाटेने जातात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. धाराशिव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थान सप्टेंबर 1948 मध्ये भारतात विलीन झाले. मग 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1954 चा इनामे रद्द करणारा कायदा, त्याच सुमाराचे खासरा पत्रक (जमिनीचा हक्क आणि ताबा यांची नोंद), 1956 साली मुंबई राज्यात प्रवेश, 1960 साली महाराष्ट्र. आजही जमिनीचा जुना वाद निघाला की वकील आधी खासरा पत्रकाची नक्कल मागवतात. त्याच्याही मागचे कागद उर्दूत किंवा मोडीत, तारखा फसली सनात. फसली आकड्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो, पण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्यामुळे एका वर्षाचा घोळ ठरलेलाच. क्षेत्र एकर-गुंठ्यांत. आज जो कर्मचारी संगणकासमोर बसतो त्याच्या पाठीमागे दोन लिप्या, दोन कालगणना आणि दोन मापे उभी आहेत.

आता संगणकाकडे. 1960 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर माहिती ठेवायची पहिली साधने आली. चार्ल्स बॅकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये बांधलेली आयडीएस ही त्यांतली अग्रणी. आयबीएमची आयएमएस ही अपोलो मोहिमेच्या रॉकेटच्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळण्यासाठी जन्मली. आयएमएसची मांडणी झाडासारखी: वर मूळ, खाली फांद्या, फांदीखाली डहाळ्या. रॉकेट, त्याचा टप्पा, टप्प्याचे इंजिन, इंजिनाचा बोल्ट. वरून खाली यायचे तर काम झटपट होई. पण हाच बोल्ट आणखी कुठे कुठे वापरला आहे, असे खालून वर विचारले की प्रोग्रॅमरला सगळे झाड पालथे घालावे लागे.

सातबाऱ्याची वहीही हुबेहूब अशीच आहे. गाव, गावात गट, गटात खातेदार. हा गट कोणाचा, याचे उत्तर तलाठी वही उघडताच देईल. या माणसाची जमीन कुठे कुठे आहे, असे विचारा. एका गावापुरते 8अ सांगेल, पण परंड्यात थोडी, भूमला थोडी आणि सासुरवाडीकडे कळंबला थोडी असेल तर प्रत्येक गावचे दप्तर धुंडाळावे लागेल. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा नेमका हाच प्रश्न विचारत होता: एका कुटुंबाकडे सगळीकडची मिळून किती जमीन? ज्या वह्या गटाच्या क्रमाने लावलेल्या, त्यांना माणसाच्या क्रमाने जाब विचारायचा. अनेकांची जादा जमीन कायद्याच्या नजरेतून निसटली, त्याची राजकीय कारणे सर्वांना ठाऊक आहेत. वह्यांच्या मांडणीचे कारण कोणी फारसे बोलत नाही.

1970 साली आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी एका निबंधात या दुखण्यावर बोट ठेवले. माहिती कोणत्या वाटेने साठवली आहे हे विचारणाऱ्याला माहीत असण्याची गरजच पडू नये, असे त्यांचे म्हणणे. सगळी माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक ओळीला ओळख द्या, आणि तक्त्यांमधली नाती त्या ओळखीनेच जोडा. मग गटाकडून माणसाकडे जा किंवा माणसाकडून गटाकडे; तक्त्याला दिशा नसते. 1974 च्या सुमारास आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी यावर आधारलेली भाषा मांडली, तीच पुढची एसक्यूएल. तीत काय हवे ते सांगायचे. कसे आणायचे ते यंत्र ठरवते. कोणत्या वाटेला किती खर्च येईल याचा अंदाज बांधून सर्वांत स्वस्त वाट निवडण्याची पद्धत 1979 साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिली. त्याच वर्षी ओरॅकल बाजारात आले. आज वापरात असलेल्या पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

कॉड यांची पहिली अट अशी, की एका खणात एकच गोष्ट असावी. ही अट दिसते तितकी निरुपद्रवी नाही. सातबाऱ्यावरच्या नावाच्या खणात जुन्या लोकांनी काय काय कोंबले आहे ते पाहा. नावापुढे 'अपाक' म्हणजे हा अज्ञान (अल्पवयीन) आहे आणि अमुक त्याचा पालनकर्ता. 'एकुक' म्हणजे हा एकत्र कुटुंबाचा कर्ता, जमीन त्याच्या एकट्याची नव्हे. कुठे 'व इतर तीन'. कागदावर हे सोयीचे होते, वाचणारा माणूस असल्यामुळे चालूनही जाई. तक्त्यात मात्र हे सगळे मिळून एकच अक्षरांची माळ बनते. जो अज्ञान होता तो आता आजोबा झाला तरी अपाक शेरा तसाच, कारण यंत्राच्या लेखी तो शेरा नावाचाच भाग आहे. असे शेरे काढायच्या मोहिमा आता काढाव्या लागतात.

पिकांच्या बाबतीत मात्र जुन्या नमुन्याने चोख विचार केला होता. सोयाबीनमध्ये तूर हे इकडचे नेहमीचे आंतरपीक. एका शेतात दोन पिके, मग क्षेत्र कोणाच्या नावे मांडायचे? नमुना 12 मध्ये निर्भेळ पिकाखालील क्षेत्र वेगळे, मिश्र पिकाखालचे वेगळे, आणि मिश्रणातल्या घटक पिकांना प्रत्येकी स्वतंत्र ओळ. हे डेटाबेसच्या भाषेत एकास अनेक असे नाते आहे. तो नमुना आखणाऱ्या कारकुनाने कॉड यांचे नाव ऐकले नव्हते.

तक्ते झाले, पण ते डिस्कवर ठेवायचे कसे? डेटाबेस माहितीची एकेक ओळ सुटी उचलत नाही. ठरावीक आकाराची पाने करते आणि अख्खे पान वाचते-लिहिते. पोस्टग्रेसमध्ये हे पान 8 किलोबाइटचे असते. एका पानात अनेक ओळी, पानाच्या सुरुवातीला कोणती ओळ कुठे आहे त्याची छोटी यादी. हवे ते पान सापडावे म्हणून वेगळी सूची लागते, तिला इंडेक्स म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती बी-ट्री पद्धतीची असते. 1970 च्या सुमारास बोइंगमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांची ही कल्पना. सूचीच्या एका पानात समजा 300 खुणा मावल्या आणि प्रत्येक खूण पुढच्या एका पानाकडे बोट दाखवत असली, तर तीन पायऱ्यांत 300 गुणिले 300 गुणिले 300, म्हणजे 2 कोटी 70 लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. राज्यभरातल्या सातबाऱ्यांतून हवा तो काढायला डिस्कवरची तीन-चार पाने वाचावी लागतात, सगळी नव्हे.

सूचीला स्वतःचा क्रम असतो. ती जिल्हा, तालुका, गाव, गट अशी लावली असेल तर त्याच क्रमाने विचारले तरच उपयोगी पडते. सातबारा पाहायच्या महाभूलेख या संकेतस्थळावर आधी जिल्हा, मग तालुका, गाव निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि नावाने शोधायचे तेही गाव निवडल्यावरच. त्यामागे खासगीपणाचाही विचार असेल. पण वहीची जुनी वाट अजून पडद्यावर दिसते हेही खरेच.

गट क्रमांक हा आकडा वाटतो, पण आकडा नाही. त्यात तिरप्या रेघा असतात, पोटहिश्शांचे आकडे असतात, कधी अक्षरेही. म्हणून तो मजकूर म्हणून साठवावा लागतो, आणि मजकूर लावताना यंत्र 10 ला 2 च्या आधी ठेवते, कारण 1 हे अक्षर 2 च्या आधी येते. ज्यांनी गावाच्या गटांची यादी छापून पाहिली आहे त्यांना हा विनोद ठाऊक असेल. नावांचे दुखणे त्याहून खोल आहे. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टच्या खासगी संकेतांत भरला जाई. एका फॉन्टमधले नाव दुसऱ्यात उघडले की चिन्हांचा सडा. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, पण एक नवा कोपरा उरला. 'कुऱ्हाडे' या आडनावातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत बाइट वेगळे. एका कर्मचाऱ्याने एका कळफलकाने भरलेले कुऱ्हाडे दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकाने शोधले तर यंत्र सांगते, असा खातेदार नाही. साठवण्यापूर्वी सगळी रूपे एकाच ठरलेल्या रूपात आणणे हा यावरचा इलाज आहे. तो महागडा नाही, फक्त आधी आठवावा लागतो.

आता या विषयाचा मला सर्वांत आवडणारा भाग. एक शेतकरी आपल्या गटातले अर्धा हेक्टर विकतो. एकाच्या नावचे क्षेत्र कमी व्हायला हवे, दुसऱ्याच्या नावे तेवढेच चढायला हवे. पहिले झाले आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली तर? मराठवाड्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. अर्धा हेक्टर हवेत राहता कामा नये. दोन्ही बदल एकत्र व्हावेत, नाहीतर एकही होऊ नये, या बंधनाला ट्रान्झॅक्शन म्हणतात. ते पाळण्याची सर्वांत विश्वासाची युक्ती अशी: तक्त्याला हात लावण्याआधी काय बदलणार आहे ते वेगळ्या नोंदवहीत, लॉगमध्ये, लिहून पक्के करायचे. मध्येच यंत्र बंद पडले तर पुन्हा चालू झाल्यावर ते लॉग वाचते. पूर्ण झालेले व्यवहार नव्याने लागू करते, अर्धवट राहिलेले मागे घेते. जिम ग्रे यांनी या विचाराचा पाया घातला. लॉगवरून सावरण्याची एरिस ही पद्धत 1992 साली सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी आयबीएममधून प्रसिद्ध केली. पुढे अनेक डेटाबेस तिच्यावर उभे राहिले.

फेरफार नोंदवही म्हणजे हाच लॉग. सातबाऱ्यावर थेट काहीही लिहायचे नाही. आधी नमुना 6 मध्ये नोंद, तिला पुढचा क्रमांक. मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल. प्रमाणित होईपर्यंत जुने तलाठी सातबाऱ्यावर तो फेरफार क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवत. मंजूर झाला की शाईने. पेन्सिल म्हणजे व्यवहार चालू आहे, शाई म्हणजे कमिट. बँकेच्या शाखेत कर्जासाठी आलेल्या उताऱ्यावर पेन्सिलीचा आकडा दिसला की अधिकारी सावध होई. आजच्या सातबाऱ्यावर 'प्रलंबित फेरफार' अशी ओळ छापून येते, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीखही येते. पेन्सिल गेली, तिचे काम राहिले.

जुने नाव खोडायचे नाही ही आणखी एक शिस्त. जमीन विकलेल्याचे नाव पुसत नसत. कंसात टाकत आणि शेजारी फेरफार क्रमांक लिहीत. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा कंसाऐवजी नावावर आडवी रेघ आली. पोस्टग्रेससुद्धा ओळ बदलताना जुनी ओळ लगेच पुसत नाही. ती कालबाह्य म्हणून खूण करते आणि नवी ओळ शेजारी लिहिते. त्यामुळे एक जण बदल करत असताना दुसरा निर्धास्तपणे जुने, पूर्ण चित्र वाचू शकतो. फरक इतकाच की पोस्टग्रेस काही काळाने ती जुनी ओळ झाडून टाकते. महसूल खाते कधीच टाकत नाही.

हे सगळे इतके सुरेख असताना संगणकीकरणात गोंधळ का झाला? जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण केंद्र सरकारने 1988-89 मध्ये प्रायोगिक स्वरूपात आठ जिल्ह्यांत सुरू केले. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. पुढे काम राज्यभर पसरले, आधी तालुक्याच्या ठिकाणच्या संगणकांवर. 2008 नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ई-फेरफार आले, नोंदी मध्यवर्ती सर्व्हरवर गेल्या, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की उतारा मोबाइलवर. शेजारच्या कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पातून हे 2000 च्या सुमारासच करून दाखवले होते. उमरग्याच्या सीमेपलीकडे नातेवाईक असलेल्यांना ते ठाऊक होते.

गोंधळाचे केंद्र होते 8अ. कागदावर 8अ वेगळा लिहावा लागे, कारण कागद बेरीज करत नाही. सगळ्या सातबाऱ्यांतून एका खात्याचे क्षेत्र दर वेळी जमवणे तलाठ्याला अशक्य, म्हणून स्वतंत्र वही. पण 8अ मध्ये स्वतःची अशी माहिती जवळजवळ नाही. तो नमुना 7 वरून काढलेला निष्कर्ष आहे. डेटाबेसमध्ये असा निष्कर्ष साठवायचा नसतो, मागितला की काढायचा असतो. त्याला व्ह्यू म्हणतात. दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट कधी ना कधी दोन गोष्टी सांगू लागते. आणि तसेच झाले. वर्षानुवर्षे सातबाऱ्याला दुरुस्ती लागली, 8अ ला लागली नाही. दोन्ही वह्या इमानेइतबारे संगणकात भरल्या गेल्या आणि त्यांचे न जुळणेही भरले गेले. सातबाऱ्यांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळेना. त्यात एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना झालेले पूर्णांकन: एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, एक आर म्हणजे बरोबर 100. प्रत्येक पोटहिश्शात थोडे थोडे इकडेतिकडे गेले की गावाच्या बेरजेत ते दिसतेच.

मग 2017 साली चावडी वाचन झाले. गावोगाव संगणकातले सातबारे लोकांसमोर वाचून दाखवायचे, चुका टिपायच्या, हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त करायच्या. विसंगती शोधणारे अहवाल तलाठ्यांना यंत्रातून मिळत. ओडीसी (ऑनलाइन डेटा करेक्शन) हा शब्द त्या काळात तहसीलच्या व्हरांड्यात चहाइतका ऐकू येई. पण दुरुस्तीही मनाला येईल तशी करता येत नाही. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीला संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराचा आदेश लागतो आणि त्या आदेशाचाही फेरफार होतो. लोक चिडतात, एका अक्षरासाठी सहा महिने का? चिडणे समजण्यासारखे आहे. पण लॉगला बगल देऊन तक्ता बदलण्याची सोय ज्या दिवशी होईल, त्या दिवशी जमीनही त्याच दारातून जाईल.

यंत्र काय हमी देते हे इथे नीट पाहायला हवे. क्षेत्र ऋण असू नये, खातेदाराशिवाय गट असू नये, विकलेले क्षेत्र मूळ क्षेत्राहून जास्त असू नये, हे नियम डेटाबेस डोळ्यांत तेल घालून पाळेल. नोंदी एकमेकींशी जुळतात की नाही ते पाहील. नोंद मातीशी जुळते की नाही, ते त्याला दिसत नाही. कायद्यानेही इतकेच म्हटले आहे: कलम 157 प्रमाणे हक्कनोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची, आणि न्यायालये वारंवार सांगत आली आहेत की फेरफाराने मालकी मिळत नाही. पीक पाहणीबद्दल तर बोलायलाच नको. शेतात न जाता मागच्या वर्षीचे पीक पुढे ओढायची रीत खेड्यात सर्वांना ठाऊक होती. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली, शेतकऱ्यानेच शेतात उभे राहून मोबाइल ॲपवर फोटोसह नोंद करायची. फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश सोबत जातात. हा तक्त्याला मातीशी बांधण्याचा खरा प्रयत्न आहे; पण ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याचे शेत शेजारच्या पोराच्या सवडीवर अवलंबून राहते.

याच ॲपमुळे डेटाबेसच्या जगातली दुसरी मोठी चर्चा बांधावर येते. शिवारात रेंज नसते. म्हणून नोंद आधी फोनमध्येच राहते (अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस अंगभूत असतो) आणि रेंज आली की वर जाते. तोवर एकाच शेताची दोन चित्रे असतात, एक फोनमध्ये आणि एक सर्व्हरवर. 2000 साली एरिक ब्रूअर यांनी मांडलेला मुद्दा हाच: यंत्रांमधला संपर्क तुटला की सगळीकडे एकच चित्र दाखवायचे की प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायचे, यांतले एक निवडावे लागते. पीक पाहणीला थोडा उशीर चालतो. फेरफाराला चालत नाही, म्हणून तो मध्यवर्ती सर्व्हरवर थांबतो, आणि तहसीलच्या खिडकीवर 'सर्व्हर डाउन' ऐकू येते. गूगलच्या बिगटेबल आणि ॲमेझॉनच्या डायनॅमोपासून स्फूर्ती घेतलेले नोएसक्यूएल डेटाबेस पीक पाहणीसारख्या, उशीर चालणाऱ्या कामाला बरे. जमिनीच्या हक्काला अजून तरी कॉड यांचेच तक्ते हवेत. नकाशांचा डेटाबेस हा स्वतंत्र लेखाचा विषय. इथे एवढेच, की नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे आणि सातबारा महसूल खात्याकडे, आणि दोघांना एका ओळखीने बांधायचे काम अजून चालू आहे.

राहिला माणूस. सातबाऱ्याच्या सगळ्या मांडणीत खाते आहे, गट आहे, व्यक्ती मात्र नाही. नाव हा नुसता मजकूर आहे. जमिनीचा वसूल गोळा करायला तेवढे पुरत होते. ज्याचे खाते त्याने सारा भरावा, तो कोण याच्याशी सरकारला फारसे देणेघेणे नव्हते. आता पैसा उलट्या दिशेने वाहतो. पीकविमा, अनुदान, अतिवृष्टीची मदत, सगळे माणसाच्या बँक खात्यात जायचे. सप्टेंबर 2025 च्या पुरात भूम-परंड्याकडची शेते खरवडून गेली तेव्हा पंचनामे गटाचे झाले आणि मदत माणसाला द्यायची होती. अशा मदतीसाठी यादी लागते, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक (व्हीके नंबर) पडतो, ई-केवायसी होते, आणि सामाईक खात्यात पाच भाऊ असले की संमतीपत्राभोवती घरातले सगळे जुने हिशेब गोळा होतात. त्यातून वीस वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांचे नाव उताऱ्यावर असेल तर मदत कोणालाच मिळत नाही. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर चालवलेली 'जिवंत सातबारा' मोहीम मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी होती. ॲग्रिस्टॅक या केंद्राच्या डिजिटल शेती प्रकल्पातला शेतकरी ओळख क्रमांक त्याच वर्षी 15 एप्रिलपासून कृषी योजनांना सक्तीचा झाला.

या क्रमांकाकडे मी जरा संशयाने आणि जरा आशेने पाहतो. आशा यासाठी की दप्तरात जो तक्ता पहिल्यापासून नव्हता, व्यक्तींचा, तो अखेर येतो आहे. संशय यासाठी की तो सातबाऱ्याच्या नावांशी जुळवूनच भरला जातो, आणि पुढे फेरफार झाला की त्याचा परिणाम या तक्त्यावर आपोआप झाला नाही तर 8अ ची कहाणी पुन्हा सुरू होईल, या वेळी आधार आणि बँक खात्यासकट. शेतकऱ्याची जमीन किती, ही माहिती त्या क्रमांकाशेजारी साठवू नये. नमुना 7 कडून दर वेळी विचारून घ्यावी.

आणि जुने कागद? 2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे बसवून पाने एकेक करून पाहावी लागली. कागद स्कॅन करणे म्हणजे डेटाबेस करणे, असा समज सरकारी कामात पक्का बसला आहे. स्कॅन ही फक्त चित्रे. ती साठतात, सापडत नाहीत. प्रत्येक पानाचे पूर्ण लिप्यंतर करायला एक पिढी जाईल, ते राहू द्या. पण प्रत्येक चित्रासोबत गावाचा संकेतांक, फसली सन, कागदाचा प्रकार आणि पान क्रमांक एवढे चार रकाने भरले, तर पुढच्या वेळी लोहाऱ्याच्या एका गावचे फसली 1340 चे पान काढायला सगळा कक्ष उपसावा लागणार नाही. हे रकाने भरायला मोडीचा पंडित लागत नाही. कागद हाताळून अंगवळणी पडलेला अभिलेखपाल पुरतो, आणि असे अभिलेखपाल दर वर्षी निवृत्त होत आहेत.